हंगामाने येणारा पैसा बारा महिने कसा पुरवावा

घरखर्चाच्या नियोजनावरचे बहुतेक लेखन महिन्याच्या पगारापासून सुरू होते. पगारातून इतके टक्के घरात, इतके बचतीत, इतके हौसेला असा हिशेब त्यात सांगितलेला असतो. भुसावळच्या रेल्वेत, दीपनगरच्या वीज केंद्रात किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी करणाऱ्या घराला तो जसाच्या तसा लागू पडतो. परंतु रावेर-यावलच्या केळी उत्पादकाकडे, पारोळा-अमळनेरच्या कापूस उत्पादकाकडे, शहाद्याच्या ऊस आणि पपईच्या शेतकऱ्याकडे किंवा त्यांच्या खरेदीवर चालणाऱ्या गावातल्या दुकानदाराकडे पैसा दर महिन्याच्या १ तारखेला येत नाही. तो वर्षातून दोन-तीन वेळा मोठ्या रकमेने येतो आणि मधले महिने कोरडे जातात. अशा घराची अडचण पुष्कळदा उत्पन्न कमी असल्याची नसते, तर उत्पन्नाचा महिना आणि खर्चाचा महिना वेगवेगळे असल्याची असते. हे अंतर उधारीने भरून काढण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे आणि घराचा खरा तोटा तिथेच होतो. म्हणून पुढील पद्धतीचा सारा भर, मोठ्या रकमेतून घराला दरमहा ठरावीक पगार कसा द्यावा, यावर आहे.

हिशेबाचे वर्ष कोणते धरावे

बँकांचे आणि सरकारचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे असले, तरी शेतीवर चालणाऱ्या घराने आपले वर्ष आखाजी ते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया ते अक्षय्य तृतीया धरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सालदाराचे, म्हणजे वर्षभरासाठी ठरवलेल्या शेतगड्याचे वर्ष खान्देशात अक्षय्य तृतीयेलाच सुरू होते, मागील वर्षाची देणी-घेणी त्याच सुमारास मिटवली जातात आणि नव्या खरिपाचा खर्च अजून सुरू झालेला नसतो. रब्बीचा हरभरा, मका आणि दादर (रब्बी ज्वारी) घरात आलेली असते, मार्चअखेरची बँकेची फेड होऊन गेलेली असते, त्यामुळे हातात नेमके काय उरले हे याच दिवसांत खरे कळते.

त्या आठवड्यात एक वही घेऊन गेल्या तीन वर्षांचे उत्पन्न पिकानुसार लिहावे. कापसाची विक्री, केळीची कापणी, दुधाचे पैसे, शासकीय योजनांतून खात्यावर आलेली रक्कम, घरातील कोणाची मजुरी किंवा नोकरी, हे सर्व वेगवेगळे मांडावे. तीन वर्षांची सरासरी काढण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. कापसाचा भाव एका वर्षी चढतो आणि दुसऱ्या वर्षी पडतो, उन्हाळ्याच्या शेवटी येणाऱ्या वादळात उभी केळीची बाग एका तासात आडवी होते. म्हणून घरखर्च सर्वांत कमी उत्पन्नाच्या वर्षावर बेतावा. चांगल्या वर्षी जे वर उरेल त्याचा विचार नंतर करता येतो, मात्र चांगल्या वर्षावर बेतलेला खर्च वाईट वर्षी कमी करणे फार कठीण जाते.

पीककर्जाची रक्कम उत्पन्नात कधीही धरू नये. ती खात्यावर जमा झाली की पैसा आल्यासारखे वाटते आणि जूनमधील शाळेची फी, घराचे पत्रे, एखादे लग्न यांत तिचा काही भाग निघून जातो. मग बियाण्यासाठी पुन्हा उधारी करावी लागते. कर्ज शेतीच्या खर्चासाठी आहे आणि ते पिकातूनच फिटणार आहे, इतकेच वहीत लिहावे.

रकमेतून पगार कसा काढावा

एक उदाहरण घेऊ. समजा, यावल तालुक्यातील एका कुटुंबाला कमी उत्पन्नाच्या वर्षात कापसाचे १,८०,०००, केळीचे २,६०,००० आणि दुधाचे महिन्याला ६,००० प्रमाणे ७२,००० असे एकूण ५,१२,००० रुपये मिळतात. बियाणे, रोपे, खते, औषधे, मजुरी, चारा, वीजबिल आणि ठिबकची दुरुस्ती धरून शेतीचा खर्च २,००,००० रुपये होतो. उरलेल्या ३,१२,००० रुपयांतून महिन्याला १८,००० प्रमाणे २,१६,००० रुपये घरखर्चाला ठेवले, तर ९६,००० रुपये शिल्लक राहतात. त्यांपैकी ६०,००० रुपये वर्षातून एकदाच येणाऱ्या, पण दरवर्षी हमखास येणाऱ्या खर्चांसाठी वेगळे काढावेत आणि ३६,००० रुपये राखीव निधीत टाकावेत.

वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांची यादी आधीच करून ठेवणे फार उपयोगाचे असते, कारण घराचा हिशेब किराण्यापेक्षा या खर्चांनीच अधिक वेळा बिघडतो. जूनमधील वह्या-पुस्तके आणि फी, पोळा, दिवाळी, आखाजीला माहेरी येणाऱ्या लेकींचे कपडे, लग्नसराईतील आहेर, गाडीचा विमा आणि घरपट्टी यांतला एकही खर्च अचानक आलेला नसतो. प्रत्येकापुढे महिना आणि अंदाजे रक्कम लिहिली की ६०,००० हा आकडा कुठून आला हे घरातील सर्वांना समजते.

ही विभागणी वहीत राहून चालत नाही, ती खात्यांत व्हावी लागते. विक्रीचा सारा पैसा ज्या खात्यावर येतो ते शेतीचे खाते मानावे. घरखर्चासाठी दुसरे बचत खाते उघडावे, शक्य तर ते घर चालवणाऱ्या स्त्रीच्या नावावर किंवा तिच्यासोबत संयुक्त असावे. शेतीच्या खात्यातून दर महिन्याच्या १ तारखेला ठरलेली रक्कम घरखर्चाच्या खात्यात आपोआप जावी, अशी स्थायी सूचना बँकेला लेखी देता येते आणि मोबाइल बँकिंगमधूनही ती करता येते. वरील कुटुंबात दुधाचे ६,००० रुपये थेट घरात येत असल्यामुळे दरमहा १२,००० रुपयेच वळते करावे लागतील. कापसाचे पैसे डिसेंबरमध्ये आले आणि केळीची पहिली कापणी जूनमध्ये अपेक्षित असेल, तर मधल्या सहा महिन्यांना ७२,००० रुपये लागतील. त्यांपैकी पहिल्या तीन महिन्यांचे ३६,००० बचत खात्यात ठेवावेत आणि पुढच्या तीन महिन्यांचे ३६,००० रुपये ९० दिवसांच्या मुदत ठेवीत टाकावेत. व्याज थोडेच मिळते, पण पैसा डोळ्यांसमोरून बाजूला होतो, हा त्याचा मोठा लाभ आहे. कापसाच्या रकमेतील उरलेले १,०८,००० रुपये त्याच आठवड्यात पीककर्जाची फेड आणि वर्षाचे ठरलेले खर्च यांत वाटून टाकावेत.

खेडा खरेदीत, म्हणजे गावात येऊन केलेल्या खरेदीत, व्यापारी वजनकाट्यावरच रोख रक्कम देतो आणि ती रक्कम घरात राहते. दोन-तीन दिवसांत ती बँकेत भरण्याचा नियम पाळावा. त्याने खर्चाला आळा बसतो आणि खात्यावर उत्पन्नाची नोंद राहिल्यामुळे पुढे कर्ज मागताना मदत होते.

उधारीचे व्याज ओळखणे

कृषी सेवा केंद्रातील उधारीला बहुतेक जण कर्ज मानत नाहीत, कारण तिथे व्याज हा शब्द उच्चारला जात नाही. समजा, एक औषध रोखीत १,००० रुपयांना मिळते आणि तेच उधारीवर, कापूस विकल्यावर द्यायचे असल्यास, १,१०० रुपयांना लावले जाते. जूनच्या अखेरीस घेतलेल्या मालाचे पैसे नोव्हेंबरच्या अखेरीस दिले तर पाच महिन्यांसाठी १०० रुपये जादा गेले, म्हणजे वर्षाला २४ टक्के दराने व्याज भरले. गावातील हातउसन्याचा ‘शेकडा दोन’ हा दरही महिन्याचा असतो आणि वर्षाला तोसुद्धा २४ टक्केच होतो. या दराने व्याज मुद्दलात मिळत गेले, तर तीन वर्षांच्या आसपास कर्ज दुप्पट होते. शिवाय उधारी असलेल्या शेतकऱ्याला कोणते औषध घ्यायचे हे दुकानदार सांगतो आणि कधी कधी माल कोणाला विकायचा हेही आधीच ठरलेले असते. हा तोटा कोणत्याही वहीत दिसत नाही.

याच्या शेजारी पीककर्ज ठेवून पाहावे. केंद्र शासनाच्या व्याज सवलतीमुळे ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज ७ टक्के दराने मिळते, मुदतीत फेड केल्यास त्यातील ३ टक्क्यांची सूट मिळते आणि उरलेला भार राज्य शासन डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून उचलते. म्हणजे वेळेवर फेडणाऱ्याला हे कर्ज शून्य टक्क्याने पडते. मुदत चुकली की ही सवलत जाते. म्हणून अनेक कर्जे असली, तर सर्वांत महाग कर्ज आधी फेडावे हा नियम योग्य असला, तरी पीककर्जाला त्यातून वगळावे आणि त्याची रक्कम फेडीच्या तारखेआधी बाजूला काढूनच बाकीच्या कर्जांकडे वळावे. मार्चअखेर ‘नवे-जुने’ करण्यासाठी, म्हणजे जुने पीककर्ज फेडून नवे घेण्यासाठी, आठ-दहा दिवसांकरिता चढ्या व्याजाने पैसे उचलण्याची वेळ ज्यांच्यावर येते, त्यांच्यापैकी पुष्कळांकडे डिसेंबरमध्ये ती रक्कम आलेली असते. ती त्याच वेळी वेगळ्या ठेवीत टाकली असती, तर ही धावपळ टळली असती.

कर्जमाफीच्या आशेने फेड थांबवणे हा मार्ग मला धोक्याचा वाटतो. राज्यात २०१७ आणि २०१९ मध्ये मोठ्या कर्जमाफी योजना जाहीर झाल्या हे खरे आहे, परंतु प्रत्येक योजनेला तारखेच्या आणि रकमेच्या अटी होत्या आणि त्या आधी कोणालाही ठाऊक नव्हत्या. थकबाकी मात्र पतविषयक अहवालात नोंदली जाते आणि मुलाच्या शैक्षणिक कर्जापर्यंत तिचा त्रास पोहोचू शकतो. हा अहवाल सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. तो मागवून त्यात आपण न घेतलेले किंवा फेडलेले कर्ज चालू दिसत नाही ना, हे पाहावे.

दुचाकी, मोबाइल किंवा ट्रॅक्टर हप्त्याने घेताना विक्रेता सपाट व्याजदर सांगतो. १ लाख रुपयांवर दोन वर्षांसाठी सपाट १२ टक्के म्हणजे २४,००० रुपये व्याज आणि सुमारे ५,१६७ रुपयांचे २४ हप्ते. दर हप्त्याला मुद्दल कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण १ लाखावर घेतले जात असल्याने खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून ‘घटत्या शिलकीवर व्याज किती’ असे विचारून ते कागदावर मागावे. महिलांच्या गटांना दिल्या जाणाऱ्या सूक्ष्म कर्जांबाबत रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की घरातील सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांहून अधिक होऊ नयेत. ही कर्ज देणाऱ्यांवरची कमाल मर्यादा आहे. हंगामी उत्पन्नाच्या घराने तिच्या निम्म्यावर थांबावे, कारण हप्ता दर आठवड्याला किंवा महिन्याला येतो आणि आपला पैसा तसा येत नाही. सावकाराकडून कर्ज घ्यावेच लागले, तर त्याच्याकडे परवाना आहे का हे पाहावे, प्रत्येक रकमेची पावती घ्यावी आणि कोऱ्या मुद्रांकावर किंवा कोऱ्या धनादेशावर सही करू नये. अवैध सावकारीची तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे करता येते.

राखीव निधी आणि ठेवींची सुरक्षितता

नोकरदाराला तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाइतका राखीव निधी पुरतो. शेतीच्या घराला एक पूर्ण हंगाम वाया गेल्यास पुढचे पीक हाती येईपर्यंतचा घरखर्च आणि पुढील पेरणीचे बियाणे, एवढी रक्कम लागते. ती एका वर्षात जमत नाही. वरील उदाहरणातील ३६,००० रुपये दरवर्षी आणि चांगल्या वर्षातील जादा उत्पन्नाचा मोठा हिस्सा टाकत गेल्यास तीन-चार वर्षांत जमते.

हा निधी कुठे ठेवावा याबद्दल मी आग्रहाने सांगेन, कारण पतसंस्थांमध्ये ठेवी अडकल्याचा अनुभव खान्देशातील अनेक कुटुंबांनी घेतला आहे. मुलीच्या लग्नाचे आणि निवृत्तीचे पैसे वर्षानुवर्षे परत मिळाले नाहीत, अशी घरे जळगाव जिल्ह्यात आजही भेटतात. राष्ट्रीयीकृत, खासगी किंवा सहकारी बँकेतील ठेवीला, जिल्हा मध्यवर्ती बँक धरून, ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे, सर्व शाखांतील सर्व खाती आणि व्याज धरून, ५ लाख रुपयांपर्यंतची ही हमी ४ फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे. त्याआधी ती १ लाख होती. पतसंस्थेतील ठेवीला, ती पतसंस्था राज्यातील असो वा बहुराज्य, हे संरक्षण नसते. संस्थेची इमारत भव्य असणे, अध्यक्ष नात्यातले किंवा समाजातले असणे, वसुली करणारा रोज दारी येणे, यांपैकी काहीही ठेवीची हमी होत नाही. एक-दोन टक्के व्याज जास्त मिळते म्हणून संपूर्ण राखीव निधी तिथे ठेवणे योग्य नाही. पतसंस्थेशी व्यवहार असलाच, तर बुडाली तरी घर चालू राहील इतकीच रक्कम तिच्यात असावी. भिशीलाही हेच लागू आहे. ती ओळखीच्या बायकांची आणि लहान रकमेची असेल तोवर ठीक आहे, परंतु भरवशाची मोठी बचत तिच्यात गुंतवू नये.

सोने

आखाजीला जळगावच्या सराफ बाजारात सोने घेण्याची रीत मोडावी असे माझे म्हणणे नाही. अडचणीच्या वेळी सोन्याने अनेक घरे सावरली आहेत. फक्त दागिना आणि बचत यांतील फरक ध्यानात ठेवावा. दागिन्यावर घडणावळ द्यावी लागते, सोन्याच्या किमतीवर ३ टक्के जीएसटी लागतो आणि मोडताना घडणावळ परत मिळत नाही. केवळ साठवण म्हणून घ्यायचे असल्यास कमी घडणावळीचे वळे किंवा नाणे घ्यावे. दागिन्यावर हॉलमार्कची खूण, २२ कॅरेटसाठी ९१६ हा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असावा. तो क्रमांक बीआयएस केअर या ॲपवर दुकानातच तपासता येतो. पक्के बिल घ्यावे आणि बिलात सोन्याचे वजन, खड्यांचे वजन आणि घडणावळ वेगळी लिहिलेली असावी, कारण पुढे तारण ठेवताना कर्ज फक्त सोन्याच्या वजनावर मिळते.

विमा आणि लांबची बचत

बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयाच्या व्यक्तीला २ लाखांचा अपघात विमा मिळतो, तर ४३६ रुपयांत जीवनज्योती विमा योजनेतून १८ ते ५० वयात प्रवेश घेणाऱ्याला २ लाखांचे जीवनसंरक्षण मिळते. दोन्हींचे वर्ष १ जून ते ३१ मे असे असल्याने मेच्या अखेरीस खात्यात पुरेशी शिल्लक हवी. खाते रिकामे राहून विमा बंद पडल्याचे पुष्कळदा मृत्यूनंतर समजते. घरातील कमावत्या व्यक्तीवर मोठे कर्ज असेल, तर एवढे पुरत नाही. त्याने निव्वळ मुदतीचा विमा (टर्म इन्शुरन्स) वेगळा घ्यावा. आजारपणासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, मात्र रुग्णालय योजनेतील असावे लागते. म्हणून जळगाव, धुळे किंवा नंदुरबारमधील कोणते रुग्णालय कोणत्या आजारासाठी योजनेत आहे हे आजारी पडण्याआधी पाहून ठेवावे.

दीर्घ मुदतीच्या बचतीत ठरावीक मासिक हप्ता असलेली योजना हंगामी उत्पन्नाला जाचक ठरते. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत (पीपीएफ) मात्र वर्षाला किमान ५०० आणि कमाल १.५ लाख रुपये हवे तेव्हा भरता येतात. १० वर्षांखालील मुलीसाठी सुकन्या समृद्धी खात्यात किमान २५० आणि कमाल तेवढेच १.५ लाख भरता येतात. कापूस विकला की एकरकमी भरावे आणि महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरावे, म्हणजे त्या महिन्याचे व्याज बुडत नाही. मुलीच्या लग्नासाठी जमीन गहाण ठेवण्याची पाळी येऊ नये, असे ज्यांना वाटते त्यांनी हे खाते तिच्या पहिल्या वाढदिवसाच्या आत उघडावे.

कागदपत्रे

प्रत्येक खात्याला, ठेवीला आणि विम्याला वारस (नॉमिनी) नेमलेला आहे का हे पासबुकावर किंवा पावतीवर पाहावे. वडिलांनी लग्नाआधी वारस म्हणून नेमलेली त्यांची आई आज हयात नसते आणि नोंद तशीच राहते, असे अनेक घरांत आढळते. बँकेने वारस म्हणून नोंदवलेल्या व्यक्तीला पैसे मिळतात, पण ती मालक होतेच असे नाही. मालकी कायदेशीर वारसांची असते, त्यामुळे जमीन आणि घर असलेल्याने साधे मृत्युपत्र लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन ठेवावे. सर्व खात्यांची नावे, ठेवींच्या तारखा, विमा क्रमांक, कोणाला किती दिले आणि कोणाचे किती देणे आहे, हे एका फाइलीत असावे आणि ती फाइल कुठे आहे हे पती-पत्नी दोघांना आणि मोठ्या मुलामुलीला माहीत असावे. खातेदाराच्या मृत्यूनंतर सातबाऱ्यावर वारसांची नोंद करण्यासाठी तीन महिन्यांच्या आत तलाठी कार्यालयात अर्ज द्यावा. ती नोंद रखडली तर पुढचे पीककर्ज, पीकविमा आणि शासकीय अनुदान ही तिन्ही कामे अडतात.